गाणं उपजत नसतं, शिकावं लागतं

कोकीळ कावळ्याच्या घरट्यात वाढूनही ‘कुहू’च करतो, म्हणून पक्ष्यांना गाणं जन्मतःच येतं, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. कोकिळापुरतं ते खरं. पण शास्त्राच्या वर्गवारीत कोकीळ गायक पक्ष्यांत मोडतच नाही. (गंमत म्हणजे कावळा मोडतो!)

गायक पक्ष्यांना गाणं शिकावं लागतं. झेब्रा फिंच या छोट्या गायक पक्ष्याचं नर पिल्लू साधारण 25व्या दिवसापासून प्रौढ नराचं गाणं ऐकून डोक्यात साठवतं. 35व्या दिवसाच्या आसपास त्याची स्वतःची अडखळती बडबड सुरू होते. ती साठवलेल्या नमुन्याशी ताडत ताडत 90व्या दिवसाच्या सुमारास गाणं पक्कं होतं. ऐकवणारा नर नसेल तर नमुनाच मिळत नाही. पिल्लू बहिरं झालं तर ताडणं थांबतं. दोन्हींत गाणं बिघडतं.

मेंदूत यासाठी दोन वाटा आहेत. एचव्हीसी केंद्रातून आरए केंद्राकडे जाणारी वाट गाणं गाऊन घेते. एचव्हीसीतली, आरएकडे संदेश धाडणारी एकेक पेशी अख्ख्या चालीत एकदाच, जेमतेम 10 मिलिसेकंद, सक्रिय होते. दुसरी वाट एलमॅन केंद्रातून जाते आणि सुरांत फेरफार करून पाहते. पिल्लाचं एलमॅन निकामी केलं तर गाणं अर्धवटच गोठतं. प्रौढाच्या पाठ गाण्यावर मात्र फारसा परिणाम होत नाही.