माशाच्या डोळ्यातलं डोपामाइन

‘डोपामाइन डिटॉक्स’चे रील्स हल्ली रोज समोर येतात. दोन दिवस मोबाइल बंद ठेवला की मेंदूत साचलेलं डोपामाइन म्हणे निघून जातं! डोपामाइन असं गाळासारखं साचत नाही. ते पेशींमधलं निरोपाचं रसायन आहे आणि निरोप कोणत्या पेशीला मिळतो त्यावर त्याचं काम ठरतं. माशाच्या दृष्टिपटलात हे फार सुंदर दिसतं.

अंधुक उजेडासाठी दंडपेशी आणि लख्ख उजेडासाठी शंकुपेशी, हे आपण शाळेत शिकलो. त्यांना लागूनच आडव्या पेशींचं जाळं असतं. शेजारशेजारच्या आडव्या पेशी ‘गॅप जंक्शन’ नावाच्या अतिसूक्ष्म मार्गिकांनी जोडलेल्या असल्यामुळे एकीतला विद्युत संदेश दूरवर पसरतो. रोहू-कटल्याच्याच कुळातल्या कार्प माशावर तेरानिशी, नेगिशी आणि कातो यांनी १९८३ मध्ये प्रयोग केले. काचेच्या अतिबारीक सुईने एका आडव्या पेशीत लुसिफर यलो हा चमकणारा रंग सोडला की तो आजूबाजूच्या कितीतरी पेशींत झिरपतो. डोपामाइन दिलं, की रंग बहुतांशी त्या एकाच पेशीत अडकून राहतो.

हे घडतं कसं? डोपामाइन आडव्या पेशीवरच्या डी-१ ग्राहीला, म्हणजे निरोप टिपणाऱ्या प्रथिनाला, चिकटतं, पेशीत सायक्लिक एएमपी हा आतला निरोप्या वाढतो, त्यामुळे प्रोटीन कायनेज-ए हे विकर जागं होतं आणि गॅप जंक्शनच्या वाहिन्यांचं वर्तन बदलतं. यातली खुबी अशी, की वाहिनीचं दार अरुंद होत नाही, ते प्रत्येक वेळी कमी काळ उघडं राहतं!

मग उजेड म्हणजे डोपामाइन आणि अंधार म्हणजे त्याचा अभाव, असं म्हणायचं का? तसं नाही. कार्प तासाहून जास्त वेळ अंधारात ठेवला, तर त्याच्या आडव्या पेशींचा प्रतिसाद मंदावतो आणि ज्या क्षेत्रातल्या उजेडाला त्या प्रतिसाद देतात ते आक्रसतं, अगदी डोपामाइन दिल्यासारखं. मँगल आणि डाउलिंग यांनी हे १९८५ मध्ये दाखवलं.

शिवाय दृष्टिपटलाचं स्वतःचं घड्याळही आहे. गोल्डफिशला सतत अंधारात ठेवलं तरी दिवसाच्या प्रहरी डोपामाइन दंड आणि शंकू यांच्यातली जोडणी क्षीण ठेवतं. रात्री मेलाटोनिन हे संप्रेरक डोपामाइनला आवरतं, ती जोडणी बळकट होते आणि दंडपेशींनी टिपलेला अतिमंद उजेड शंकुपेशींपर्यंत पोचतो.