केशरी रंग तेलात की पाण्यात?

नागपूर म्हटलं की संत्रा, त्यामुळे बाहेरगावचे पाहुणे हमखास विचारतात, "संत्र्याचं फूलही केशरीच असेल ना?" नसतं. ते पांढरंशुभ्र असतं आणि बहाराच्या दिवसांत काटोलकडे जाताना डोळ्यांआधी नाकालाच कळतं. केशरी फुलं पाहायची तर अंगणातला झेंडू, कुंडीतली अबोली, संक्रांतीच्या सुमारास कुंपणावर लोंबणारी संक्रांतवेल, आणि फाल्गुनात शहराबाहेर पडलं की दोन्ही बाजूंना पेटलेला पळस.

डोळ्यांना यांचे रंग सारखेच वाटतात. पण झाडं ते बनवतात वेगवेगळ्या रीतीने, आणि हे घरच्या दोन वाट्यांमध्ये पाहता येतं.

दसऱ्याच्या तोरणातला वाळलेला झेंडू मी टाकून देत नाही. पाकळ्या चुरायच्या, निम्म्या गार पाण्यात घालायच्या आणि निम्म्या कोमट खोबरेल तेलात. अर्ध्या तासाने पाणी जवळपास होतं तसंच असतं, फार तर किंचित पिवळट. तेल मात्र चांगलं पिवळंधमक झालेलं असतं. झेंडूचा रंग ल्युटिन नावाच्या द्रव्याचा. हे कॅरोटिनॉइड गटातलं, म्हणजे गाजराच्या रंगाचं भावंड. पाकळीत ते मेदाम्लांना जोडलेलं असतं, म्हणून तेलाशी त्याचं जमतं, पाण्याशी नाही. गंमत अशी की पिवळ्या आणि केशरी झेंडूत द्रव्य तेच, फक्त केशरीत ते कितीतरी जास्त भरलेलं. हाच झेंडूचा अर्क कोंबड्यांच्या खाद्यात घालतात, म्हणजे अंड्याचा बलक छान पिवळा दिसतो. आपल्या डोळ्याच्या पडद्यावर जिथे नजर सर्वांत तीक्ष्ण असते, तिथेही ल्युटिन असतं. झेंडूकडे आपण झेंडूच्याच रंगातून पाहतो म्हणा ना!

पळसाची तऱ्हा उलटी. एक फूल हातात घ्या. खाली काळपट मखमली टोपी, वर पोपटाच्या चोचीसारखी वाकलेली पाकळी आणि तिच्यावर बारीक रुपेरी लव. 'किंशुक', म्हणजे 'हा पोपट तर नव्हे?', हे संस्कृत नाव उगीच पडलेलं नाही. वास घ्यायला जाल तर नाही म्हटलं तरी चालेल. ही फुलं रात्रभर पाण्यात ठेवली की सकाळी पाणी पिवळं-केशरी झालेलं असतं, तेलाची गरजच नाही. इथला रंग कॅरोटिनॉइडचा नाही, चाल्कोन गटातल्या द्रव्यांचा. त्यातल्या ब्युटिनचं नाव पळसाच्या 'ब्युटिया' या शास्त्रीय नावावरूनच आलेलं आहे.

होळीसाठी टेसूचा, म्हणजे पळसाच्या फुलांचा, रंग करणारी जुनी माणसं त्यात चिमूटभर चुना घालत. पानठेल्यावरून खर्ऱ्यासोबत येणारा चुनाही चालतो, मी तोच वापरला. पाणी क्षणात गडद, लालसर केशरी होतं. यामागे चांगलं रसायनशास्त्र आहे. फुलं वाळताना त्यातलं आयसोब्युट्रिन हे रंगीत द्रव्य हळूहळू ब्युट्रिन होतं, आणि ब्युट्रिनला रंगच नसतो. म्हणून सुकी फुलं फिकी पडतात. चुन्याच्या अल्कधर्मी पाण्यात ब्युट्रिनच्या रेणूतलं एक कडं उघडतं आणि ते पुन्हा रंगीत रूपात येतं. शिवाय आधीचा रंगही चुन्याने गडद होतो. हा चुना डोळ्यांत जाऊ देऊ नका, एवढं सांभाळा.

आता हा खटाटोप कोणासाठी? मधमाशीचे डोळे अतिनील, निळा आणि हिरवा या तीन रंगांसाठी घडलेले. आपला केशरी तिच्या हिरव्याच्या टोकाला कसाबसा पोचतो, आणि रंग लालकडे झुकला की तिला तो फारसा वेगळा उमटत नाही. पक्ष्यांना मात्र लाल-केशरी झकास दिसतो. त्यांच्या डोळ्यात रंगांसाठी चार प्रकारच्या पेशी असतात, आपल्यात तीन. फाल्गुनात निष्पर्ण पळसावर सूर्यपक्षी, मैना, बुलबुल यांची गर्दी म्हणूनच. चोच मधासाठी आत गेली की कपाळाला पराग लागतात. पक्ष्यांना वासाचं फारसं कौतुक नसल्याने पळस सुगंधावर खर्च करत नाही. झेंडूची गिऱ्हाईकं मात्र बहुतेक माशा, मधमाश्या आणि फुलपाखरं.

तेल आणि पाण्याची ही साधी विभागणी मला फार आवडली होती, पारिजातकापर्यंत. त्याचा केशरी देठ कॅरोटिनॉइड कुटुंबातला, म्हणजे तेलात उतरायला हवा. भाद्रपदात अंगणातले चाळीसेक देठ खुडले आणि दोन्ही वाट्यांत घातले. रंग पाण्यात उतरला! देठात असतं ते क्रोसेटिन, आणि झाडाने त्याला साखरेचे रेणू जोडून ठेवलेले असतात. साखर जोडली की कॅरोटिनॉइडही पाण्यात मुकाट विरघळतं. केशराच्या काडीतही हेच क्रोसेटिन आणि हीच साखरेची युक्ती, म्हणून श्रीखंडासाठी आपण ते दुधात खलतो. पारिजातकाच्या देठांनी पूर्वी रेशीम रंगवत. माझ्या वाटीतल्या पाण्यात मी जुन्या रुमालाचं एक टोक बुडवलं, ते दोन धुण्यांनंतरही पिवळसर आहे.