सातबाऱ्यावरचा रिकार्डो

सातबाऱ्याचा उतारा हातात आला की नजर आधी नावावर जाते, मग क्षेत्रावर, मग बोजावर. आकारणीच्या, म्हणजे शेतसाऱ्याच्या, रकान्याकडे सहसा कुणी बघत नाही. तिथे दोन-चार रुपये आणि काही पैसे लिहिलेले असतात. तेवढ्यात आज तालुक्याच्या एसटी स्टँडवर चहा मिळायचा नाही. पण या किरकोळ आकड्याचा पणजोबा फार उग्र होता. त्यानं इंदापूर तालुक्यात शेतंच्या शेतं पडीक पाडली. त्याचा जन्म लंडनमध्ये, एका अर्थशास्त्रीय सिद्धांताच्या पोटी झाला होता.

तो सिद्धांत कॉलेजात 'रिकार्डोचा खंड सिद्धांत' म्हणून शिकवतात आणि दोन तासांत उरकतात. 1815 मध्ये माल्थस या इंग्रज अर्थतज्ज्ञानं त्यावर पुस्तिका लिहिली, 1817 मध्ये डेव्हिड रिकार्डोनं त्याला पक्कं रूप दिलं. मुद्दा सोपा आहे. मुरमाड रानात घातलेला खर्च जेमतेम निघतो. तेवढाच खर्च काळ्या रानात घातला तर पीक जास्त येतं. हा जो फरक, तो खंड. तो कष्टानं आलेला नाही, मातीनं दिला आहे. जमीनमालक झोपून राहिला तरी तो त्याच्या पदरात पडतो. मग सरकारनं तो कर म्हणून काढून घेतला तर बिघडलं कुठे? धान्याचे भाव त्यानं वाढणार नाहीत, कसणाऱ्याची मजुरी आणि नफा तसाच राहील. कागदावर यात खोट काढणं अवघड आहे.

इंग्लंडमध्ये मात्र हे अमलात आणायची सोय नव्हती, कारण पार्लमेंटमध्ये बसलेले बहुतेक लोक स्वतःच जमीनदार होते.

इथे जेम्स मिल येतो. रिकार्डोचा हा जवळचा मित्र. त्यानंच मागे लागून रिकार्डोकडून ग्रंथ लिहवून घेतला. त्याच सुमारास त्याचा स्वतःचा हिंदुस्थानच्या इतिहासाचा जाडजूड ग्रंथ तीन खंडांत बाहेर आला. हा माणूस हिंदुस्थानात कधी आला नाही, इथली एकही भाषा त्याला येत नव्हती. प्रस्तावनेत तो हे लपवत नाही, उलट मिरवतो: प्रत्यक्ष पाहणाऱ्याला तुकडे दिसतात, दूर बसून कागदपत्रं तपासणाऱ्याला निवाडा करता येतो. (पुण्यात कधी पाऊल न टाकता पुणेकरांवर बोलणारे आजही भेटतात, पण ते तीन खंड लिहीत नाहीत.) त्याचा निवाडा असा की समाजांची एक शिडी असते आणि हिंदू समाज तिच्या खालच्या पायऱ्यांवर आहे. या ग्रंथाच्या जोरावर 1819 मध्ये त्याला ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडन कचेरीत नोकरी लागली आणि 1830 मध्ये तो तिथल्या पत्रव्यवहार खात्याचा प्रमुख झाला. हिंदुस्थानला जाणाऱ्या महसुली आज्ञांचे मसुदे त्याच्या हाताखालून जाऊ लागले.

सिद्धांत आणि शिडी, दोन्ही एकाच डोक्यात होती, आणि ती वेगळी काढता येत नाहीत. हिंदुस्थानात जमीन राजाची असते, म्हणून खंडही सरकारचा, असं मिलनं धरून चाललं. इथल्या रयतेला किंवा पाटलाला विचारायचं कारण उरलं नाही, कारण खालच्या पायरीवरच्या माणसाला आपलं हित कळत नाही हे आधीच ठरलं होतं. जे लंडनच्या जमीनदारासमोर बोलायची चोरी होती, ते दख्खनच्या कुणब्यावर करून बघता येत होतं. वंश-संस्कृतीची उतरंड हा त्या अर्थशास्त्राला चिकटलेला मळ नव्हता. तिच्यामुळेच प्रयोगाला परवानगी मिळाली.

प्रयोग करणारा माणूसही तयार झाला होता. कंपनीनं आपल्या नव्या नोकरांना शिकवण्यासाठी इंग्लंडमध्ये हेलीबरीला कॉलेज काढलं होतं आणि तिथे अर्थशास्त्राचा प्राध्यापक होता खुद्द माल्थस. 1805 पासून मरेपर्यंत, म्हणजे 1834 पर्यंत. त्याच्या वर्गात बसलेला रॉबर्ट कीथ प्रिंगल मुंबई इलाख्यात आला आणि 1827-28 च्या सुमारास पुणे भागाची पैमाष, म्हणजे जमिनीची मोजणी, त्याच्याकडे सोपवली गेली. पेशवाई जाऊन दहा वर्षं झाली होती. जुन्या पद्धतीत सारा बहुधा गावाच्या नावे, पाटलाशी बोलून ठरायचा. कुणी किती द्यायचं ते गाव आपसांत बघायचं, पडत्या वर्षी सूट मागायला जागा असायची. ती व्यवस्था सोन्याची होती असं मुळीच नाही. दुसऱ्या बाजीरावाकडून साऱ्याची वसुली मक्त्यानं घेणाऱ्यांनी तिच्या पार चिंध्या केल्या होत्या.

प्रिंगलनं शेत न् शेत मोजायला घेतलं. मातीच्या प्रती पाडल्या. प्रत्येक प्रतीच्या जमिनीत पीक किती येतं, त्याची किंमत काय, त्यातून बी-बियाणं, बैल, मजुरी वजा जाता निव्वळ उरतं किती, हे काढलं आणि त्या निव्वळ उत्पन्नाचे 55 टक्के सरकारचे ठरवले. हेलीबरीच्या वर्गातला धडाच चालत चालत भीमा-नीरेच्या काठी आला.

आणि तिथेच फसला. निव्वळ उत्पन्न ही चीज कागदाबाहेर सापडेना. घरच्या बैलाचा, घरच्या बाईमाणसाच्या राबण्याचा खर्च कसा धरायचा? एका वर्षी पाऊस, तीन वर्षं नाही. सरासरी कशाची काढायची? आकडे गोळा करणारे खालचे कारकून होते आणि चार पैसे दिले की काळं रान वहीत मुरमाड होत होतं. ज्यानं दिले नाहीत त्याचं उलटं. त्यात धान्याचे भाव कोसळले, सारा मात्र रोख भरायचा होता. थकबाकी वाढत गेली, वसुलीसाठी छळ झाला, लोक जमिनी टाकून निघून गेले. या अपयशाचं खापर बरेचदा कारकुनांच्या लाचखोरीवर फोडलं जातं. मला ते अर्धंच खरं वाटतं. कारकून प्रामाणिक असते तरी जो आकडा अस्तित्वातच नव्हता तो त्यांनी आणला कुठून असता?

1835 मध्ये गोल्डस्मिड हा कंपनीचा अधिकारी इंदापुरात गेला, पाठोपाठ विंगेट हा इंजिनिअर. त्यांनी निव्वळ उत्पन्नाचा हिशेब बाजूला ठेवला. मातीचा रंग, खोली, दोष बघून सोळा आण्यांपासून खाली प्रती लावल्या, पण गावावर एकूण किती बसवायचं हे मागच्या वर्षांत प्रत्यक्ष किती वसूल झालं ते पाहून ठरवलं. दर उतरवले आणि तीस वर्षं बांधून दिले. पडीक रान पुन्हा नांगराखाली आलं. सर्व्हे नंबर आणि आकारणी यांची आपल्याकडची घडी पुढे याच पद्धतीवर बसली. तरी तीस वर्षांनी फेरमोजणी आली की दर चढायचेच. जोतीराव फुल्यांनी 1883 मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' लिहिताना पैमाषीच्या निमित्तानं वाढणाऱ्या साऱ्यावर फटके ओढले आहेत ते यासाठी.

जेम्सचा मुलगा जॉन स्टुअर्ट मिल सतराव्या वर्षी, 1823 मध्ये, त्याच कचेरीत चिकटला आणि 1858 मध्ये कंपनीचा कारभार संपेपर्यंत तिथेच होता. आगरकरांच्या पिढीनं डोक्यावर घेतलेला हा मिल. त्याचं प्रकरण सरळ नाही. माणसामाणसांतले फरक रक्तात असतात हे त्यानं कधी मानलं नाही. 1849 मध्ये लेखक थॉमस कार्लाइलनं वेस्ट इंडीजमधल्या मुक्त झालेल्या काळ्या मजुरांना पुन्हा सक्तीनं राबवायला हवं असा लेख लिहिला आणि त्यात, मागणी-पुरवठ्यावर सगळं सोडणाऱ्या अर्थशास्त्राला 'उदास शास्त्र' म्हणून हिणवलं. हे विशेषण माल्थसच्या लोकसंख्येच्या भाकितामुळे पडलं असं सर्रास सांगतात. ते पडलं गुलामीच्या वादात. मिलनं लगेच 1850 मध्ये कार्लाइलला खरमरीत उत्तर दिलं. 1865 मध्ये जमैकात गव्हर्नर आयरनं मोरंट बेचा उठाव चिरडताना चारशेहून अधिक माणसं मारली, तेव्हा त्याच्यावर खटला भरावा म्हणून झटणाऱ्या समितीचा अध्यक्ष मिल होता. आयरच्या बाजूनं कार्लाइल, रस्किन, डिकन्स. पण याच मिलनं 1859 च्या स्वातंत्र्यावरच्या निबंधात स्पष्ट लिहिलं आहे की हे तत्त्व मागासलेल्या समाजांना लागू नाही. त्यांच्या सुधारणेसाठी असेल तर एकतंत्री सत्ता योग्यच. रक्ताचा फरक नाकारला, बापाची शिडी ठेवली.

1860 च्या दशकात ती शिडीही रक्ताची होऊ लागली. 1866 मध्ये लंडनच्या एथ्नॉलॉजिकल सोसायटीत जॉन क्रॉफर्ड या कंपनीच्या जुन्या अधिकाऱ्यानं युरोपीय वंश आशियाई वंशापेक्षा मुळातच श्रेष्ठ, असा निबंध वाचला. त्याला उत्तर द्यायला उभे राहिले दादाभाई नौरोजी, मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातले पूर्वीचे गणिताचे प्राध्यापक. पुढच्याच वर्षी, 1867 मध्ये, त्यांनी हिंदुस्थानातून इंग्लंडला वाहून जाणाऱ्या संपत्तीचा हिशेब मांडायला सुरुवात केली. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. तुमचा देश गरीब का, याचं उत्तर 'तुमचा वंशच तसा' असं तयार असेल, तर आकडेवारी ऐकून घ्यायला कोण बसणार? आधी ते उत्तर खोडावं लागलं. दादाभाई पुढे साक्षीला ज्यांना बोलावत राहिले त्यांत तो इंदापूरचा विंगेटही होता. ज्या देशात कर गोळा केला तिथेच तो खर्च होणं आणि दुसऱ्या देशात खर्च होणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, हे त्यानं 1859 मध्येच लिहून ठेवलं होतं.

1892 मध्ये न्यायमूर्ती रानडे पुण्यात डेक्कन कॉलेजात भारतीय अर्थशास्त्रावर बोलले. इंग्रजी अर्थशास्त्राचे नियम सर्व काळी, सर्व देशी लागू पडतात या समजुतीलाच त्यांनी हात घातला आणि त्यासाठी जर्मन अर्थतज्ज्ञ फ्रीडरिख लिस्टचा आधार घेतला. उष्ण कटिबंधातल्या मागास लोकांनी कच्चा माल पिकवावा आणि समशीतोष्ण युरोपानं त्याचा पक्का माल करावा, या वाटणीची त्यांनी चांगलीच हजेरी घेतली. आणि रिकार्डो? खंड हा धान्याच्या किमतीत धरला जात नाही, हे त्याचं सूत्र जिथे लागवडीखालची सगळीच जमीन सरकार नावाच्या एकाच मालकाला खंड भरते तिथे चालत नाही, असं रानड्यांनी सांगितलं. प्रिंगलच्या मोजणीच्या साखळ्या याच जिल्ह्यात ओढल्या गेल्या होत्या, साठेक वर्षांपूर्वी.