पुदिना : घरगुती वापर आणि साठवण

पुदिना ही तुळशीच्या कुलातील (लॅमिएसी) बहुवर्षायू सुगंधी वनस्पती असून तिची ताजी पाने चटणी, ताक, रायते, पुलाव व बिर्याणी यांत वापरली जातात. भाजीबाजारात जुडीने मिळणारा पुदिना बहुधा मेंथा स्पायकाटा या जातीचा असतो. उत्तर प्रदेशात तेलासाठी मोठ्या प्रमाणावर लावला जाणारा जपानी पुदिना (मेंथा आर्व्हेन्सिस) आणि गोळ्या व टूथपेस्ट यांत ज्याचे तेल पडते तो पेपरमिंट हे त्याचे भाऊबंद होत. या दोहोंच्या तेलात मेंथॉल भरपूर असते, आणि थंडीची जाणीव करून देणाऱ्या चेतातंतूंना ते उद्दीपित करीत असल्यामुळे तापमान न बदलताही तोंडात गारवा जाणवतो. चटणीच्या पुदिन्याचा वास मात्र मुख्यतः कार्व्होन या द्रव्याचा असतो. शहाजिऱ्यात आणि शेपूच्या बियांतही कार्व्होनच असते. पण तेथे त्याच्या रेणूची रचना आरशातील प्रतिबिंबाप्रमाणे उलटी असते, आणि तेवढ्या फरकामुळे नाकाला तो वास अगदी निराळा भासतो.

साठवणीच्या बहुतेक अडचणी पानाच्या रचनेतून उद्भवतात. सुगंधी तेल पानाच्या पृष्ठभागावरील सूक्ष्म ग्रंथींत साठलेले असते, त्यामुळे पान नुसते बोटांत चुरले तरी वास सुटतो. आणि याच कारणाने दाबलेली, कोंबलेली किंवा फार आधी चिरून ठेवलेली पाने वास गमावून बसतात. पानाच्या वजनात पाण्याचा वाटा चार-पंचमांशाहून अधिक असतो व पान पातळ असते, म्हणून उघड्यावर ते काही तासांत मान टाकते. याखेरीज पेशी फुटल्या की आतील पॉलिफिनॉल संयुगे विकरांच्या (एन्झाइमांच्या) मदतीने हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावतात व पान काळे पडते. थोडक्यात, पुदिना सुकतो पाण्याअभावी, सडतो पानांवर साचलेल्या पाण्याने, आणि काळवंडतो तो हाताळणीने.

जुडी घेताना पाने ताठ व गर्द हिरवी आहेत आणि देठ तळाशी काळे किंवा बुळबुळीत नाहीत हे पाहावे. पावसाळ्यात जुडीचा बाहेरचा भाग चांगला दिसत असला तरी बांधणीच्या आतली पाने कुजलेली निघतात, तेव्हा ती घरी आणल्यावर लगेच सोडून मोकळी करावी. पाने निवडताना कोवळे शेंडे देठासकट घेण्यास हरकत नाही. जाड देठ मात्र चटणीला कडसरपणा आणतात. धुण्यासाठी पातेलेभर पाण्यात पाने बुडवून हलवावीत, दोन मिनिटे तशीच राहू द्यावीत आणि मग वरच्या वर हाताने उपसून चाळणीत घ्यावीत. पातेले चाळणीवर उपडे केल्यास तळाशी बसलेली रेती पुन्हा पानांवरच येते. कच्च्या खाण्यासाठी शेवटचे पाणी पिण्याचे असावे.

चटणीसाठी पुदिन्याच्या दुप्पट कोथिंबीर घेण्याचा प्रघात आहे. नुसत्या पुदिन्याची चटणी उग्र व कडवट लागते, कोथिंबीर तिला अंग देते. हिरवी मिरची, आले, जिरे आणि मीठ आधी भरड वाटून पाने शेवटी घालावीत, म्हणजे मिक्सर कमी वेळ चालतो आणि वाटण तापत नाही. वाटताना थंड पाणी किंवा बर्फाचा एखादा तुकडा घालणे हा त्यासाठीचाच उपाय. लिंबू सुरुवातीलाच पिळावे. आम्लामुळे विकरांचे काम मंदावते आणि रंग टिकतो, म्हणून आयत्या वेळी चवीपुरते पिळलेले लिंबू रंगाच्या दृष्टीने उशिरा आलेले असते. पाणीपुरीच्या तिखट पाण्यात आणि मठ्ठ्यात पाने वाटून घालतात. बिर्याणीत ती न वाटता तळलेल्या कांद्याबरोबर थरांमध्ये पसरतात, कारण दम देताना वाफेबरोबर सुटणारा वास भातात मुरावा अशी अपेक्षा असते. उघड्या भांड्यात बराच वेळ उकळलेल्या रश्शात पुदिन्याचे फारसे काही उरत नाही. तेथे तो गॅस बंद करतानाच घालावा. चहासाठीही पाने उकळण्यापेक्षा गरम पाण्यात झाकून ठेवलेली बरी.

चार-सहा दिवसांच्या साठवणीसाठी फ्रीज पुरेसा असतो. पुदिना थंडी चांगली सोसतो. परदेशी तुळस (बेसिल) फ्रीजमध्ये काळी पडते तसे त्याचे होत नाही. न धुतलेली, निवडलेली जुडी किंचित ओलसर फडक्यात किंवा कागदात सैल गुंडाळून डब्यात ठेवावी. आधी धुतलीच असेल, तर पंच्यावर पसरून पानांवरचे पाणी पूर्ण निथळू द्यावे आणि डब्याच्या तळाशी कोरडा कागद घालावा. हवाबंद पिशवीत ओली पाने भरणे ही सर्वांत प्रचलित आणि सर्वांत वाईट पद्धत आहे. दुसरा मार्ग म्हणजे देठांची टोके ताजी कापून जुडी पेल्यातील दोन बोटे पाण्यात उभी करणे, वर सैल पिशवी घालणे आणि पाणी एक-दोन दिवसांनी बदलणे. पाण्याखाली येणारी पाने मात्र आधी काढून टाकावीत. पिकलेली केळी, आंबे व सफरचंदे यांतून निघणाऱ्या इथिलीन वायूमुळे पाने लवकर पिवळी पडतात, तेव्हा ही फळे त्याच कप्प्यात ठेवू नयेत.

अधिक काळासाठी वाळवणे आणि गोठवणे हे दोन पर्याय आहेत. ते एकमेकांची जागा घेत नाहीत. वाळवण्यासाठी कोरडी पाने एका थरात पसरून सावलीत, हवेशीर जागी ठेवतात, कारण उन्हात रंग जातो आणि तेलही उडते. पान चुरल्यावर कुरकुरीत तुटले की बरणीत भरावे. जरा जरी लवचिक वाटले तरी त्यात ओल आहे असे समजावे, नाहीतर बरणीत बुरशी येते. पूड आधीच करून ठेवू नये, लागेल तशी चुरावी. ही पाने जलजिरा, रायते आणि चाट मसाला यांत शोभतात, पण हिरव्या चटणीला निरुपयोगी असतात. गोठवलेल्या पुदिन्यात बर्फाच्या स्फटिकांनी पेशी फाटतात, म्हणून तो वितळल्यावर लिबलिबीत होतो आणि सजावटीला चालत नाही; वास मात्र बऱ्यापैकी टिकतो. त्यामुळे सुटी पाने गोठवण्यापेक्षा लिंबू घातलेली घट्ट चटणी बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून वड्या पिशवीत भरणे अधिक सोयीचे ठरते. तीत दही घालू नये, कारण वितळताना ते फुटते. दही आयत्या वेळी मिसळावे. फ्रीजच्या नेहमीच्या कप्प्यातील चटणी तीन-चार दिवसांत संपवावी. तेलात बुडवलेली ताजी पाने बाहेर ठेवणे असुरक्षित आहे, कारण तेलाखाली हवा पोहोचत नाही आणि तशा स्थितीत बॉट्युलिझम या गंभीर अन्नविषबाधेचे जिवाणू वाढू शकतात.

बाजारातील जुडीतूनच कुंडीतला पुदिना तयार करता येतो. वीतभर लांबीच्या निरोगी काडीची खालची पाने काढून पेरे पाण्यात बुडवून ठेवल्यास साधारण आठवड्या-दीड आठवड्यात मुळे फुटतात, मग ती काडी मातीत लावावी. पुदिना जमिनीलगतच्या आणि जमिनीखालच्या धावत्या खोडांनी पसरतो, म्हणून कुंडी खोल असण्यापेक्षा पसरट असावी आणि तीत दुसरे रोप लावू नये, ते दबून जाते. सकाळचे ऊन व दुपारची सावली त्याला मानवते. फुलोरा आला की पाने लहान होतात व चव बिघडते. त्यामुळे शेंडे वरचेवर खुडत राहावेत, आणि खुडताना पेऱ्याच्या वर कापावे, म्हणजे त्याच पेऱ्यातून दोन नवे फुटवे निघतात.