न दिसलेल्या नीलकंठाची नोंद

"काहीच नाई दिसलं सर. निस्त्या चिमण्या, सातभाई अन् होले. असी यादी काय पाठवाची?"

गेल्या फेब्रुवारीत पक्षीगणनेच्या पहिल्या सकाळी आमच्या नववीतल्या एका मुलीनं वही पुढे करून विचारलं. सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या वाडीत, शेणाच्या उकिरड्याशेजारी उभं राहून तिनं पंधरा मिनिटं पक्षी मोजले होते. वहीत सहा ओळी. मोर नाही, हरियाल नाही, म्हणून ती हिरमुसलेली. मला ती यादी फार मोलाची वाटली. का, ते तिला सांगता सांगता शाळेची घंटा झाली. उरलेलं इथे लिहितो.

ही गणना म्हणजे 'ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट'. 1998 साली अमेरिकेत कॉर्नेलची पक्षीशास्त्र प्रयोगशाळा आणि नॅशनल ऑड्युबॉन सोसायटी यांनी ती सुरू केली. 2013 पासून ती जगभर होते, भारतातही त्याच वर्षी आली. फेब्रुवारीतले चार दिवस, शुक्रवार ते सोमवार. निदान पंधरा मिनिटं एका जागी थांबायचं किंवा फिरायचं, ओळखू आलेली प्रत्येक जात आणि तिची अंदाजे संख्या लिहायची, यादी 'ई-बर्ड' या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर चढवायची. नुसता आवाज ओळखला तरी चालतो. दुर्बीण नसली तरी अडत नाही.

यादी पाठवताना शेवटी एक प्रश्न येतो: तुम्हाला ओळखता आलेल्या सगळ्या जाती यात आहेत का? बहुतेक जण न वाचताच पुढे जातात. माझ्या मते सगळ्या गणनेचा जीव या प्रश्नात आहे.

गावात बिबट्या आला तर पेपरात येतं. बिबट्या आला नाही, ही बातमी होत नाही. पक्ष्यांचंही तेच. लोक नवलाचं तेवढं लिहितात. चिमणी, कावळा, साळुंकी कोण लिहिणार? अशा निवडक यादीत चिमणी नसेल तर ती तिथे नव्हती की लिहिली नाही, हे कळायला मार्ग नाही. पण "सगळ्या लिहिल्या" असं उत्तर दिलं की कोऱ्या जागेलाही अर्थ येतो. जी जात यादीत नाही, तिच्यापुढे शून्य पडतं. आणि शून्य ही नोंद आहे.

आता समजा, एका तालुक्यातून दहा वर्षांपूर्वी 100 याद्या आल्या आणि 60 यादींत चिमणी होती. यंदा 1000 याद्या आल्या, 500 यादींत चिमणी आहे. नुसत्या नोंदी मोजल्या तर 60 च्या 500 झाल्या, चिमण्या वाढल्या म्हणून आपण खूश! खरं म्हणजे मोजणारी माणसं वाढली. शेकडेवारी काढा: 60 टक्क्यांवरून 50 टक्के, म्हणजे घट. हा भागाकार करायला खालचा आकडा लागतो, आणि खालच्या आकड्यात चिमणी न दिसलेल्या 500 याद्या बसलेल्या असतात. त्या कुणी पाठवल्याच नसत्या तर?

इथे एक खोच आहे. न दिसणं म्हणजे नसणं नव्हे. शिंपी पक्षी लिंबाच्या पानांत दडून बसतो. समजा, तो जवळ असूनही पंधरा मिनिटांत नजरेला किंवा कानाला सापडायची शक्यता 0.4 आहे. मग हुकायची शक्यता 0.6. दोनदा मोजलं तर दोन्ही वेळा हुकायची 0.6 × 0.6, म्हणजे 0.36, चारदा मोजलं तर सुमारे 0.13. म्हणून त्याच सांदवाडीत चारही दिवस उभं राहण्याला अर्थ आहे. शिवाय सहा जातींच्या यादीत एखादा पक्षी नसणं आणि चाळीस जातींच्या यादीत नसणं, या दोन्हींचं वजन सारखं नाही. यादी किती लांब, यावरून मोजणाऱ्यानं किती मेहनत घेतली याचा अंदाज येतो आणि गणितात तो धरावा लागतो.

या पद्धतीनं काय हाती लागलं? 30 हजारांहून जास्त पक्षीनिरीक्षकांच्या नोंदींवरून 2023 मध्ये भारतातल्या 942 जातींचा अहवाल निघाला. ज्या 338 जातींचा लांब पल्ल्याचा कल काढता आला, त्यातल्या 60 टक्के घटल्या आहेत. घटलेल्यांत आपला नीलकंठ आहे, पुस्तकात ज्याला नीलपंख किंवा चास म्हणतात तो. धुऱ्यावरच्या तारेवर बसून खाली नाकतोडे, भुंगेरे हेरणारा हा पक्षी. कपाशीवर फवारणी झाली की त्याचं ताट रिकामं होतं. दसऱ्याला त्याचं दर्शन शुभ मानायचं आणि बाकीचे 364 दिवस त्याच्याकडे बघायचंही नाही, हे मला पटत नाही. टिटवीनं उंचावर अंडी घातली की पाऊसकाळ चांगला, हेही तसंच. तिला पुढच्या पावसाचं काही कळत नाही, कोरडी, उघडी जागा मिळाली की ती अंडी घालते. मोबाईल टॉवरनं चिमण्या संपवल्या, हा निरोप दरवर्षी फिरतो. त्याला ठोस पुरावा नाही. याच मालिकेतल्या आधीच्या, 2020 च्या अहवालानुसार देशभरात मिळून चिमणी साधारण टिकून आहे, घट दिसते ती मोठ्या शहरांत. आणि हे कळलं ते "निस्त्या चिमण्या" लिहिणाऱ्यांमुळे.

सोमवारी ती मुलगी पुन्हा उभी राहिली, मीही गेलो. कोठ्यामागचा पळस फुलला होता आणि त्यावर पळसमैनांचा थवा उतरला. अंग गुलाबी, डोकं आणि पंख काळे. ज्वारीच्या शेतात यांनाच आपण भोरड्या म्हणतो. एवढे कसे मोजायचे? आधी एका फांदीवरचे दहा मोजले, तेवढी जागा नजरेत धरली, मग तसे किती गठ्ठे बसतील ते पाहिलं. सात. तिनं 70 लिहिलं. थवा उडून परत बसला तेव्हा ती पुन्हा मोजायला लागली. म्हटलं, थांब, तेच आहेत, दोनदा धरायचे नाहीत.

यादी नऊ ओळींची झाली. नीलकंठ चारही दिवस आला नव्हता. शेवटच्या प्रश्नाशी ती थांबली, वही पुन्हा वरून खालपर्यंत वाचली आणि 'हो'वर बोट ठेवलं.