जुन्या टफबुकवर अँड्रॉइड (बेळगाव सीमाभाग)

मोबाइलसाठी बनलेली अँड्रॉइड ही कार्यप्रणाली जुन्या, दणकट बांधणीच्या लॅपटॉपवर टाकून ते यंत्र पुन्हा कामाला लावण्याची पद्धत. दणकट लॅपटॉप म्हणजे सैन्य, पोलिस, सर्वेक्षण, वीज आणि टेलिफोनच्या लाइनी अशा उघड्यावरच्या कामांसाठी तयार केलेला लॅपटॉप. गेटॅक, आयट्रॉनिक्स, डेल अशा अनेक कंपन्यांनी असे लॅपटॉप काढले; पण पॅनासॉनिकचे टफबुक जास्त ठाऊक असल्याने बोलताना बहुधा सगळ्यांनाच टफबुक म्हटले जाते. या नोंदीत बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातल्या गरजा समोर ठेवून ही पद्धत सांगितली आहे. उद्यमबागेतल्या फौंड्रीतली वाळू आणि जांबोटी-कणकुंबीकडचा पाऊस या दोन गोष्टी साधा लॅपटॉप फार दिवस टिकू देत नाहीत, म्हणून इथे हा विषय केवळ हौसेचा राहत नाही.

यंत्राची बांधणी

टफबुक हे नाव १९९६ मध्ये आले. पहिले मॉडेल सीएफ-२५. अंगावर मॅग्नेशियम मिश्रधातूचे कवच, पुढे धरायला मूठ, हार्डडिस्क मऊ गादीत बसवून बाजूच्या दारातून डब्यासकट ओढून काढता येईल अशी, आणि प्रत्येक पोर्टावर रबरी पट्टीचे झाकण. जाहिरातीत दिसणाऱ्या 'आयपी६५' या खुणेतला ६ म्हणजे धूळ आत अजिबात शिरत नाही, आणि ५ म्हणजे नळीने मारलेल्या पाण्याच्या धारेने बिघाड होत नाही. पाण्यात बुडवण्याची ही परवानगी नव्हे. 'मिल-एसटीडी-८१०' हे अमेरिकी सैन्याचे चाचण्यांचे मानक आहे. त्यात आपटण्याची, थरथरीची, उष्णतेची आणि दमटपणाची चाचणी कशी घ्यायची ते ठरवून दिले आहे. कोणत्या मॉडेलने त्यातल्या कोणत्या चाचण्या पार केल्या हे मात्र वेगळे तपासावे लागते.

सीएफ-१८, सीएफ-२९ यांसारख्या मॉडेलांत पंखाच नाही. उष्णता कवचातून बाहेर जाते. ओतकामाच्या शेडमध्ये या एका गोष्टीला फार किंमत आहे. साच्याच्या वाळूत बेंटोनाइट माती आणि कोळशाची पूड मिसळलेली असते. ती काळी भुकटी साध्या लॅपटॉपचा पंखा आत ओढून घेतो, जाळीवर तिचा थर बसतो, आणि मग यंत्र तापून बंद पडू लागते. शेडमध्ये वापरलेले टफबुक उघडून पाहिले तर भुकटी कीच्या फटीत, बिजागरीच्या खोबणीत आणि मुठीखालच्या कंगोऱ्यात साचलेली दिसते. हार्डडिस्कचे दार उघडले की रबरी पट्टीच्या बाहेरच्या काठावर काळी रेघ असते आणि पट्टीच्या आतला पत्रा स्वच्छ निघतो. रबर कडक होऊन चिरले असेल तर तीच रेघ आत सरकलेली दिसते. जुने यंत्र घेताना स्क्रीनच्या आधी ही पट्टी बघावी असे माझे मत आहे.

प्रोसेसर

या कामातली निम्म्याहून जास्त निराशा प्रोसेसर न बघता सुरुवात केल्याने येते. टफबुकचे शरीर वीस वर्षे टिकते; त्यातला प्रोसेसर मात्र ज्या सालचा त्याच सालचा राहतो.

अँड्रॉइडचे जग मुख्यतः एआरएम जातीच्या, म्हणजे फोनमध्ये असतात तशा, चिपांचे आहे, लॅपटॉपांचे इंटेल जातीचे, म्हणजे एक्स८६. अँड्रॉइड एक्स८६वर आणण्यासाठी 'अँड्रॉइड-एक्स८६' हा मुक्तस्रोत प्रकल्प २००९ मध्ये सुरू झाला; तैवानचे चिह-वेई हुआंग हे त्याचे प्रमुख शिल्पकार. पुढे इंटेलनेही फोनमध्ये उतरून पाहिले. इंटेलची चिप असलेला झोलो एक्स९०० हा फोन लाव्हा कंपनीने एप्रिल २०१२ मध्ये भारतातच बाजारात आणला होता. इंटेलने २०१६ मध्ये फोनच्या चिपांचा नाद सोडला, पण त्या काळात अनेक अ‍ॅपांच्या एक्स८६ आवृत्त्या तयार झाल्या आणि 'हूडिनी' नावाचा दुभाषी मागे राहिला. फक्त एआरएमसाठी बांधलेले अ‍ॅप इंटेल चिपला समजेल असे करून देण्याचे काम हूडिनी करतो. अँड्रॉइड-एक्स८६च्या सेटिंगमध्ये तो वेगळा चालू करावा लागतो. त्याने बरीच अ‍ॅप चालतात, पण वेग घटतो.

अँड्रॉइडच्या नियमाप्रमाणे ३२ बिटच्या एक्स८६ अ‍ॅपांना प्रोसेसरमध्ये 'एसएसएसई३' हा सूचनासंच, म्हणजे चिपला कळणाऱ्या आज्ञांचा गट, लागतो, आणि ६४ बिटच्या अ‍ॅपांना त्यावर 'एसएसई४.२' आणि 'पॉपसीएनटी'. सीएफ-१८ आणि सीएफ-२९ मधल्या पेंटियम-एम या इंटेलच्या जुन्या प्रोसेसरमध्ये एसएसएसई३ नाही, त्यानंतरच्या कोअर ड्युओमध्येही नाही. कोअर २ ड्युओमध्ये ते आहे, पण एसएसई४.२ नाही. पहिल्या पिढीच्या कोअर आय५पासून तिन्ही मिळतात. त्यामुळे पेंटियम-एमच्या यंत्रावर अँड्रॉइड सुरू होऊन डेस्कटॉप दिसतो, माणूस खूश होतो, आणि एखादे अ‍ॅप उघडताक्षणी मिटते. त्यात पेनड्राईव्हचा किंवा रॅमचा दोष नसतो. प्रोसेसरला ती सूचनाच कळत नाही.

मॉडेलच्या नावावर विसंबू नये. सीएफ-१९ हे एकच नाव कोअर ड्युओपासून कोअर आय५पर्यंतच्या यंत्रांना आहे. खालच्या लेबलवरचा पूर्ण क्रमांक बघावा, किंवा पेनड्राईव्हवरून कोणतेही लिनक्स (ही मुक्तस्रोत कार्यप्रणाली) चालवून प्रोसेसरच्या माहितीतली फ्लॅगची ओळ वाचावी. लिनक्स एसएसई३ला 'पीएनआय' या नावाने दाखवते, म्हणून शोधायचे ते तीन एस असलेले एसएसएसई३.

माझ्या मते निवड अशी करावी: कोअर २ ड्युओ असेल तर ३२ बिटची आवृत्ती, कोअर आय५ किंवा पुढचे असेल तर ६४ बिटची. पेंटियम-एमवर अँड्रॉइडचा हट्ट सोडून हलके लिनक्स टाकावे. त्यावर पीडीएफ उघडतात, टायपिंग होते, यंत्र उपयोगी पडते. अँड्रॉइड-एक्स८६ची ८.१ ही आवृत्ती २०१९ ची आणि ९.० ही २०२० ची. त्याच पायावर उभी राहिलेली ब्लिस ओएस पुढच्या अँड्रॉइड आवृत्त्यांपर्यंत गेली, तर भारतात तयार झालेल्या प्राइम ओएसने जुन्या यंत्रांसाठी वेगळी 'क्लासिक' आवृत्ती ठेवली.

टाकण्याची रीत

निवडलेल्या आवृत्तीची फाइल उतरवून पेनड्राईव्हवर लिहायची, टफबुक सुरू होताना एफ२ दाबून बायोसमध्ये, म्हणजे यंत्राच्या मूळ सेटिंगमध्ये, जायचे आणि पेनड्राईव्ह पहिला करायचा. जो मेनू येतो त्यात 'इन्स्टॉल' न निवडता आधी 'लाइव्ह' निवडावे, म्हणजे डिस्कला हात न लावता अँड्रॉइड चालते. तेवढ्यात वायफाय, आवाज, टच, ब्राइटनेस आणि झाकण मिटून परत जागे होणे, या पाच गोष्टी तपासाव्यात. स्क्रीन काळीच राहिली तर मेनूतल्या ओळीत 'नोमोडसेट' किंवा 'एचडब्ल्यूअ‍ॅक्सेल=०' जोडून बघतात. अक्षरे अवाढव्य दिसली तर 'डीपीआय' चा आकडा कमी देतात. अल्ट आणि एफ१ने काळा टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करण्याचा पडदा, येतो, अल्ट आणि एफ७ने परत.

सगळे जमले तर डिस्कवर एक्स्ट४ (लिनक्सची फाइल ठेवण्याची पद्धत) पार्टिशन करून कायमचे टाकावे. फॅट३२ या जुन्या पद्धतीत एका फाइलला ४ जीबीची मर्यादा असल्याने अ‍ॅपांची जागा लगेच भरते. जुनी फिरती हार्डडिस्क काढून साधी एसएसडी घातली तर यंत्राच्या चपळाईत पडणारा फरक रॅम वाढवण्यापेक्षा जास्त जाणवतो. फक्त त्या मॉडेलच्या डिस्कची जोडणी साटा प्रकारची आहे की त्याआधीच्या रुंद पट्टीची, ते बघून घ्यावे. झोपलेले यंत्र जागे होत नाही ही तक्रार जुन्या यंत्रांवर नेहमीची. त्यावर सोपा उपाय म्हणजे झोपूच न देणे.

टच

बऱ्याच जुन्या टफबुकांची टचस्क्रीन दाबावर चालणारी असते. फोनच्या काचेला बोटाची विद्युत लागते, हिला नुसता दाब. त्यामुळे चामडी हातमोजा, ओले बोट, नख, पेन्सिलचे मागचे टोक, काहीही चालते. भट्टीजवळ मोजे न काढता ड्रॉइंगचे पान पुढे सरकवता येते, हे सुख महागड्या टॅबवर मिळत नाही. उलट बाजूने, दोन बोटांनी चित्र मोठे करणे यावर जमत नाही. दोनदा टिचकी मारून किंवा अधिकच्या बटणाने मोठे करावे लागते. अँड्रॉइडच्या पायाशी असलेल्या लिनक्स कर्नलमधला 'लाइफबुक' नावाचा ड्रायव्हर सीएफ-१८, सीएफ-२८ आणि सीएफ-२९ यांची टचस्क्रीन नावानिशी ओळखतो. तरी बोट एका जागी आणि टिचकी दुसऱ्या जागी असे झाले तर जुळवणी करावी लागते.

फोनपुरतीच बनलेली काही अ‍ॅप उघडली की पडदा उभा करून टाकतात आणि सगळे आडवे दिसते. सीएफ-१८ आणि सीएफ-१९चा पडदा वळवून पाटीसारखा धरता येतो, म्हणून तिथे निभावते.

काय चालते, काय नाही

दुरुस्तीच्या टेबलापाशी हे संभाषण ठरलेले असते.

"काय रे, ह्यात मोबाईलवानी सगळं चालतंय काय?"

"चालतंय की काका. खरं पैशाचं काय ह्यात करू नका."

('खरं' म्हणजे इथे 'पण', बेळगावकडच्या मराठीत हा शब्द त्याच अर्थाने येतो.)

उत्तर अगदी बरोबर आहे. यूपीआयच्या अ‍ॅपांना खात्याशी जोडलेले सिम त्याच यंत्रात लागते. शिवाय गूगलच्या तपासणीत असे यंत्र प्रमाणित ठरत नाही, त्यामुळे बँकांची अ‍ॅप उघडायला नकार देतात. आणि अँड्रॉइड-एक्स८६ची शेवटची मोठी आवृत्ती २०२० ची असल्याने सुरक्षेच्या दुरुस्त्याही तिथेच थांबल्या आहेत. पासवर्ड आणि पैसे या यंत्रापासून दूर ठेवावेत, हे मी आग्रहाने लिहितो. फार जुनी आवृत्ती टाकली तर आणखी एक अडचण येते: ७.१.१ च्या आधीच्या अँड्रॉइडला अनेक संकेतस्थळांच्या सुरक्षा प्रमाणपत्रांचे आजचे मूळच ओळखता येत नाही, आणि चांगली पानेही धोक्याची म्हणून दाखवली जातात. क्रोमओएस फ्लेक्स ही जुन्या लॅपटॉपांसाठीची गूगलची कार्यप्रणाली हा पर्याय काही जण सुचवतात. त्यावर अँड्रॉइडची अ‍ॅप चालत नाहीत.

चांगले चालते ते असे: ड्रॉइंग आणि मापांच्या पीडीएफ, मालाच्या नोंदी, फोनशी जोडलेले व्हॉट्सअ‍ॅप, मुलांचे धडे, व्हिडिओ. किविक्स या अ‍ॅपमध्ये अख्खा मराठी विकिपीडिया उतरवून ठेवला तर इंटरनेट नसतानाही वाचता येतो. खानापूर तालुक्यात भीमगड अभयारण्याच्या रानातल्या वाड्यांपर्यंत जायचे असेल तर फोनच्या रेंजवर भरवसा ठेवता येत नाही. त्यासाठी ऑर्गॅनिक मॅप्स किंवा ऑस्मअँड या नकाशांच्या अ‍ॅपवर कर्नाटकाचा नकाशा आधी उतरवून घ्यावा. काही टफबुकांत जीपीएस आतच बसवलेले असते, पण अँड्रॉइडला ते आपोआप सापडेलच असे नाही; लाइव्हमध्ये तपासायच्या पाच गोष्टींत मग ही सहावी.

मराठी आणि कन्नड

अँड्रॉइडमध्ये मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषा पडद्याच्या भाषा म्हणून एकाच वेळी, ५.० या आवृत्तीत, २०१४ मध्ये आल्या. सीमाभागातल्या घराला दोन्ही लागतात. आजोबा मराठी वाचतात, नातीची शाळेतली एक भाषा कन्नड असते, आणि जमिनीचा उतारा, म्हणजे आरटीसी, कन्नडमध्ये येतो. खातेदाराचे नाव, सर्व्हे नंबर, क्षेत्र, बोजा एवढे तरी स्वतः वाचता यावे म्हणून मराठी शेतकऱ्याला कुणाला तरी गाठावे लागते. उताऱ्याची प्रत मोठ्या पडद्यावर उघडून भाषांतराच्या अ‍ॅपमध्ये घातली तर कामापुरता अर्थ लागतो. यंत्राचे भाषांतर नावे आणि क्षेत्राच्या मोजमापात चुकते, म्हणून व्यवहारासाठी जाणकाराकडून तपासून घ्यावेच. फोनवरही हे होते. पण बारा-तेरा इंचांच्या पडद्यावर म्हातारा माणूस चष्मा सावरून स्वतः ओळ न् ओळ बघू शकतो. जीबोर्ड या गूगलच्या कीबोर्डवर स्पेसबार दाबून धरला की भाषा बदलते, आणि हे हातच्या कीबोर्डपेक्षा पडद्यावरच्या कीबोर्डवर सोपे जाते.

घेताना

असा माल मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा बंगळूरच्या एस. पी. रोडवर शोधतात. बायोसला पासवर्ड लावलेला नाही हे दुकानातच एफ२ दाबून बघावे. पासवर्ड असेल तर पेनड्राईव्हवरून सुरू करणेच अडते. जुनी बॅटरी बहुधा संपलेली असते, तेव्हा यंत्र वायरवर चालेल असे धरूनच भाव करावा. आणि चार्जर बघून घ्यावा. सीएफ-१९, सीएफ-३० यांना १५.६ व्होल्ट लागतात, दुकानातला साधारण लॅपटॉप चार्जर १९ व्होल्टचा असतो. पिन बसते म्हणून तो लावू नये.