वेताळ टेकडीचा दगड आणि रेयुनियन बेट

पुण्यातल्या वेताळ टेकडीवर फिरताना काळ्या दगडाचा तुटलेला भाग जवळून पाहा. त्यात बारीक भोकं दिसतात आणि काही भोकांत पांढरे चमकदार खडे. लाव्हा थिजताना आतल्या वायूचे बुडबुडे अडकले, पुढे पाणी झिरपत राहिलं आणि त्या पोकळ्यांत स्फटिक वाढले. हा बेसाल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. तेव्हा आपली भूमी विषुववृत्ताच्या दक्षिणेला होती. ज्या तप्त स्थानावरून, म्हणजे पृथ्वीच्या पोटातून लाव्हा वर येत राहतो अशा ठिकाणावरून, ती उत्तरेकडे सरकली आणि जिथून हा लाव्हा आला, ते आजही धगधगतंय हिंदी महासागरात, रेयुनियन बेटाखाली. बहुतेक भूवैज्ञानिकांचं हेच मत आहे. लक्षद्वीप, मालदीव, मॉरिशस या त्याच वाटेवरच्या खुणा.

म्हणून पुणेकरांनी हे बेट समजून घ्यायला हवं, असं मला मनापासून वाटतं. मादागास्करच्या पूर्वेला असलेलं हे फ्रेंच बेट पुणे जिल्ह्याच्या जेमतेम एक षष्ठांश. पण त्यावरचं पितों दे नेज शिखर जवळजवळ ३,०७० मीटर उंच, म्हणजे कळसूबाईच्या पावणेदोन पटींहून जास्त! हा ज्वालामुखी विझलाय. शेजारचा पितों द ला फुर्नेज मात्र पुन्हा पुन्हा उसळतो. एप्रिल २००७ मध्ये त्याच्या विवराचा तळ सुमारे ३०० मीटर खाली कोसळला.

आणि पाऊस! आग्नेयेकडून येणारे बाष्पाने भरलेले वारे या डोंगरांना आडवे भिडतात, वर चढतात, थंड होतात आणि पूर्व उतारावर रिकामे होतात. पश्चिम किनाऱ्याला उरतं कोरडं ऊन. ताम्हिणीत धो धो आणि शिरूरला टिपूस, हे पाहणाऱ्यांना हा पर्जन्यछायेचा प्रकार वेगळा सांगायला नको. जानेवारी १९६६ मध्ये चक्रीवादळात तिथल्या फॉक-फॉकला २४ तासांत १,८२५ मिलिमीटर पाऊस झाला. हा जागतिक विक्रम आहे. पुणे शहरात दोन वर्षांतही एवढा पडत नाही.

बेट समुद्राबाहेर येऊन जेमतेम वीस-तीस लाख वर्षं झालीत, तरी पावसाने आणि दरडींनी विझलेल्या डोंगराभोवती माफात, सालाझी, सिलाओस अशी तीन प्रचंड कुंडं कोरली आहेत. माफातचे कडे इतके उभे आहेत की आत गाडीरस्ता नाही. तिथल्या वाड्यांवर पायीच जावं लागतं, नाहीतर हेलिकॉप्टरने.